धरून ठेवण्याची विद्या



या व्यासपीठावरून आपण संतवाङ्मयावर ऐकता, अर्थकारणावर ऐकता, क्वचित नाट्यसंगीतावरही ऐकता. अशा ठिकाणी वीतभर लांबीचा लाकडाचा एक तुकडा हातात घेऊन आम्ही उभे राहिलो, तर कुणाला हसू येईल आणि त्याबद्दल आमची तक्रार असणार नाही. आजचा आमचा विषय आहे क्लँप. काम चालू असताना लाकूड हलू नये म्हणून त्याला दाबून धरणारी ही पकड. आणि तीही घरी केलेली. जिच्यासाठी आम्ही ती करतो ते यंत्र अगदी अलीकडचे आहे. पण पकडीमागची विद्या फार जुनी आहे, आणि आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात ती वर्षानुवर्षे वापरात आहे.

स्वयंपाकघरातली विळी पाहा. भाजी चिरणारी बाई विळीच्या पाटावर पाय रोवून बसते. पाते जागचे हलत नाही, भाजी हलते. अंगणात मांडी ठोकून बसलेला सुतार पाहा. त्याने फळी पायाखाली दाबलेली असते आणि करवत हातात असते. म्हणजे येथे लाकूड जागचे हलत नाही, पाते हलते. दोघांचा नियम मात्र एकच. पाते आणि वस्तू या दोहोंपैकी एकाने अगदी पक्के स्थिर राहिले पाहिजे. दोन्ही हलू लागली की काम तरी बिघडते, नाही तर बोट तरी कापते. कापण्याच्या कलेचा निम्मा भाग हा धरण्याच्या कलेचा असतो. कापणे डोळ्यांना दिसते आणि धरणे दिसत नाही, एवढ्यामुळेच पहिल्याचे कौतुक होते आणि दुसऱ्याकडे कुणाचे लक्ष जात नाही.

आता यंत्राकडे वळू. सीएनसी राउटर हे नाव आपल्यातील अनेकांनी ऐकले असेल. राउटर म्हणजे अतिशय वेगाने फिरणारे पाते. फळीच्या कडांना गोलाई देण्यासाठी किंवा खाच पाडण्यासाठी आपल्या गावातले सुतारही ते हाताने चालवतात. हेच पाते एका चौकटीवर बसवायचे, पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे आणि वर-खाली अशा तीन दिशांना ते मोटारींनी सरकवायचे, आणि किती सरकायचे याची आज्ञा संगणकाने आकड्यांत द्यायची, म्हणजे झाला सीएनसी राउटर. आकड्यांवर यंत्र चालवण्याचा हा विचार अमेरिकेत जॉन पार्सन्स यांनी मांडला, आणि मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रज्ञान संस्थेत १९५२ साली भोके पाडलेल्या कागदी फितीवरून चालणारे असे यंत्र लोकांना दाखवण्यात आले. ते यंत्र अवाढव्य होते आणि विमानाच्या कारखान्यांनाच परवडेल असे होते. पुढे २००९ साली सिमेन स्वाले स्कॉग्सरूड या नॉर्वेच्या तंत्रज्ञाने 'जीआरबीएल' नावाची आज्ञावली लिहून सर्वांसाठी खुली केली. ती आर्डुइनो या तळहाताएवढ्या फलकावर चालते. त्यामुळे हे यंत्र टेबलावर मावू लागले आणि एखाद्या हौशी विद्यार्थ्याच्या खोलीत येऊन बसले. नावाच्या पाट्या, खेळणी, जाळीकाम, वाद्यांचे भाग अशा कितीतरी वस्तू आज घरच्या यंत्रावर होतात.

या यंत्राची कीर्ती आहे ती अचूकतेबद्दल. मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत ते रेषा सांभाळते. पण या अचूकतेच्या मुळाशी एक गृहीत आहे, आणि आज आम्हाला सांगायचे आहे ते त्याच्याविषयीच. घरगुती यंत्राच्या मोटारी सांगितलेली पावले मोजून टाकतात. पात्यासमोर लाकूड खरोखर आहे की नाही, आणि ते काल ठेवले तेथेच आज आहे की दोन सूत सरकले, हे त्या यंत्राला कळत नाही. ते आंधळे आहे. आरंभी आपण त्याला लाकडाचा एक कोपरा दाखवतो आणि सांगतो, 'हे तुझे शून्य.' त्यानंतरचे सारे आकडे त्या शून्यापासून मोजले जातात. लाकूड सरकले तर यंत्र थांबत नाही आणि कुरकुरतही नाही. चुकीच्या जागी ते तितक्याच अचूकपणे कापत जाते. तेव्हा शून्य ढळणार नाही हे वचन यंत्राला माणसाने दिलेले असते, आणि ते पाळण्याचे काम हा वीतभर तुकडा करतो.

हे वचन पाळणे दिसते तितके सोपे का नाही, ते थोडे आकड्यांत पाहू. राउटरचे पाते मिनिटाला १८,००० फेरे घेत आहे आणि त्याला दोन धारा आहेत असे धरा. म्हणजे दर सेकंदाला ३०० फेरे झाले, आणि लाकडावर सेकंदाला ६०० घाव बसले. यातला प्रत्येक घाव लहान असतो; घरगुती यंत्रावर लाकूड कापताना एकंदर जोर काही किलोंच्या घरात राहतो. पण तो जोर एका दिशेचा आणि सावकाश नसतो, थरथरीचा असतो. सारखी थरथर लागली म्हणजे आवळलेला नटदेखील हळूहळू सैल पडतो, हे सायकल वापरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. शिवाय बहुतेक पात्यांवरचा पीळ भुसा वर फेकण्यासाठी दिलेला असतो, आणि भुशाबरोबर तो फळीलाही वर ओढतो. फळी पातळ असेल तर कडा धरलेल्या असूनही तिचा मधला भाग उचलला जातो आणि फडफडतो. म्हणून पकडीला दोन कामे करावी लागतात, फळी सरकू न देणे आणि फळी उचलू न देणे.

आता पकड कशी करायची ते सांगतो. यंत्राच्या मेजावर एमडीएफची एक जाड फळी टाकलेली असते. पाते आरपार गेले तर घाव तिने सोसायचा, मेजाने नव्हे. या फळीला साधारण ५ ते ७ सेंटिमीटर अंतरावर भोके पाडून त्यांत खालून दातेरी टी-नट ठोकून बसवतात, किंवा मेजातच उलट्या 'टी' अक्षराच्या आकाराच्या खाचा असतात आणि बोल्टाचे डोके त्यांत सरकते. यापैकी काहीही असो, आपल्याला वर येणारा एम ६ जातीचा, म्हणजे ६ मिलिमीटर जाडीचा, एक बोल्ट मिळतो. त्यावर आपली पट्टी बसवायची.

पट्टीसाठी सागवान, शिसव किंवा बाभळीचा तुकडा घ्यावा, नाही तर १८ मिलिमीटर जाडीचे चांगले प्लायवूड घ्यावे. लांबी १२ सेंटिमीटर आणि रुंदी ३ सेंटिमीटर पुरते. लाकडाच्या रेषा पट्टीच्या लांबीला धरून गेल्या पाहिजेत. त्या आडव्या आल्या तर पट्टी बोल्टाशी बिस्किटासारखी मोडेल. मधोमध ७ मिलिमीटर रुंदीची लांबट खाच पाडायची. तिच्या दोन्ही टोकांना भोके पाडून मधला भाग कापून काढला की झाले. खाच बोल्टापेक्षा १ मिलिमीटरने मोठी ठेवायची, कारण पावसाळ्यात लाकूड फुगते आणि काटेकोर खाच बोल्टाला धरून बसते. पट्टीची खालची बाजू मध्ये किंचित पोकळ तासावी, म्हणजे तिची दोन टोकेच टेकतील. फळीवर टेकणाऱ्या टोकाखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चिकटवावा. त्याने फळीवर वळ उठत नाही आणि घर्षणही वाढते. नटाखाली रुंद वायसर घालायला विसरू नये, नाही तर नट लाकडात रुततो आणि पकड आपोआप सैल होते.

पट्टीचे एक टोक कामाच्या फळीवर टेकते. त्याला आपण नुसते टोक म्हणू. दुसरे टोक एका ठोकळ्यावर टेकते, त्याला टाच म्हणू. बोल्ट या दोहोंच्या मध्ये असतो, आणि येथे आपण शाळेत शिकलेली तरफ कामाला येते. टोक आणि टाच यांत १० सेंटिमीटर अंतर आहे आणि नट आवळून बोल्टात १०० किलोंचा ताण आणला आहे असे समजा. बोल्ट टोकापासून ३ सेंटिमीटरवर असेल, तर १०० पैकी ७० किलो भार कामाच्या फळीवर पडतो आणि ३० किलो टाचेवर. तोच बोल्ट टोकापासून ७ सेंटिमीटरवर सरकला, तर हिशेब उलटा होतो. फळीच्या वाट्याला ३० किलो येतात, आणि ज्याला कुणी कापणार नाही तो बिचारा टाचेचा ठोकळा ७० किलो सोसत बसतो. हात तोच, पाना तोच, आवळण्याचे श्रमही तेच. पकड मात्र निम्म्याहून कमी झाली. म्हणून बोल्ट नेहमी कामाच्या जवळ असावा आणि टाच दूर असावी. बाजारातली पोलादी पकड घेतली तरी हा नियम तिलाही चुकत नाही.

दुसरा नियम टाचेच्या उंचीचा. टाच फळीहून केसभर उंच असावी. ती खाली राहिली तर पट्टी तिरपी होते, टोक वर उचलले जाते, आणि पट्टी फळीच्या अगदी कडेवर टेकून तिला बाहेर ढकलू लागते. वरून पाहणाऱ्याला वाटते की सारे ठीक आवळले आहे. यावर सोपा उपाय असा, की टाचेसाठी कामाच्याच फळीचा उरलेला तुकडा घ्यावा आणि त्यावर जाड पुठ्ठ्याचा एक कपटा ठेवावा. जाडी आपोआप जुळते आणि पुठ्ठ्याने ती हवी तेवढी वाढते. मापाची पायरी-पायरीची टाच करून ठेवली तर उत्तमच. पण या कपट्याने कुणाचे अडत नाही.

तिसरा नियम आवळण्याचा. एम ६ च्या बोल्टाला १ फेऱ्यात १ मिलिमीटर पुढे नेणारे आटे असतात. दहा सेंटिमीटर लांबीच्या पान्याला आपण ३ किलोंचा जोर लावला, तर घर्षणात जाणारा वाटा वगळूनही बोल्टात सुमारे २५० किलोंचा ताण येतो. मळसूत्राची शक्ती ही अशी आहे. पण इतकी शक्ती आपल्याला नको आहे. १०० किलोंच्या ताणाच्या चार पकडी लावल्या, तर फळीवर २८० किलो भार येतो. लाकडालाकडातले घर्षण त्याच्या तीन-दशांश धरले तरी फळी सरकवायला ८० किलोंहून अधिक जोर लागेल, आणि पात्याचा जोर तर काही किलोंचाच आहे. याहून अधिक आवळल्याने लाभ होत नाही, हानी होते. खालून टी-नट उपटून येतो, एमडीएफ फुगवटा धरते, आणि वाकडी फळी दाबाखाली तेवढ्यापुरती सरळ होते. यंत्र तिच्यावर सपाट काम करते, आणि पकड सोडताच फळी मूळ वाकावर जाते व सपाट केलेले पृष्ठ वाकडे होते. अशा फळीखाली आवळण्याआधीच पातळ पाचरी सरकवून तिला आधार द्यावा.

काही कामांत फळीचा सगळा वरचा भाग कोरायचा असतो, तेव्हा वरून पट्टी ठेवायला जागाच उरत नाही. अशा वेळी बाजूने धरावे लागते. फळीच्या एका बाजूला पक्की आडकाठी बसवायची आणि दुसऱ्या बाजूने पाचर ठोकायची. एकमेकींच्या उलट ठेवलेल्या दोन पाचरी घेतल्या तर बाहेरच्या कडा समांतर राहतात आणि दाब सरळ पडतो. कुऱ्हाडीच्या दांड्यातली पाचर आपोआप का निघत नाही? तिचा उतार इतका कमी असतो की घर्षण तिला मागे सरकू देत नाही. सहास एक उतार ठेवला तर लाकडी पाचर भरवशाने बसते. हीच पाचर वर्तुळावर गुंडाळली की झाला कॅम. ४ सेंटिमीटर व्यासाची लाकडी चकती घ्यावी आणि तिचे भोक मध्यापासून ३ मिलिमीटर बाजूला पाडावे. तिला मूठ लावून फिरवली की ती ६ मिलिमीटरपर्यंत पुढे सरकते, फळीला दाबते, आणि हात सोडला तरी परत येत नाही. फ्रान्समधील सुतार आंद्रे-जाकोब रूबो याने १७६९ पासून प्रसिद्ध केलेल्या सुतारकामावरील ग्रंथात मेजाच्या भोकात घालायचा एक लोखंडी आकडा दाखवला आहे. हातोडीचा एक ठोका दिला की तो तिरपा होऊन अडकतो आणि लाकूड दाबून धरतो; मागून ठोका दिला की सुटतो. पाचर, कॅम आणि हा आकडा या तिन्हींची भिस्त घर्षणावर आहे.

येथे कुणी विचारील, की असे क्लँप बाजारात तयार मिळत असताना हा खटाटोप कशाला? प्रश्न रास्त आहे. बोल्ट, नट आणि वायसर आम्हीही विकतच घ्या म्हणू. ते घरी करण्यात अर्थ नाही. आणि ॲल्युमिनियमसारखा धातू कापायचा असेल तर लाकडी पट्टीचा हट्ट धरू नये, धातूचीच वापरावी. पण लाकडाच्या कामात घरच्या पट्टीचे दोन फायदे उघड आहेत. एक म्हणजे ती कामाच्या मापाची होते; काम बदलले की उरलेल्या लाकडातून नवी करता येते. दुसरा फायदा सुरक्षिततेचा. पूर्वी सांगितल्याप्रमाणे यंत्र आंधळे आहे, तेव्हा त्याला पकडही दिसत नाही. वाट चुकून पाते पोलादी पकडीवर गेले, तर पाते फुटते आणि त्याचा तुकडा कोठे उडेल याचा नेम नसतो. लाकडी पट्टीवर गेले तर पट्टी कापली जाते आणि बहुधा पाते वाचते. बोल्ट मात्र तेथेही पोलादीच आहे. म्हणून तो वर उगाच लांब ठेवू नये, आणि पाते एका जागेवरून दुसऱ्या जागी जाताना त्याच्या डोक्यावरून जाईल इतकी उंची आज्ञेत लिहावी. काम सुरू करण्याआधी पाते वर उचलून, न फिरवता, साऱ्या वाटेवरून एकदा कोरडी फेरी मारून पाहावी. पाच मिनिटे जातात. पण डोळा वाचतो.

डोळ्याची गोष्ट निघाली म्हणून आणखी सांगतो. सगळ्यात मोठा धोका काम संपत येताना असतो. आरपार कापलेला तुकडा शेवटच्या क्षणी फळीपासून सुटतो. त्याला कुणी धरलेले नसते, कारण पकडी सगळ्या बाहेरच्या फळीवर असतात. फिरते पाते त्याला उचलते आणि फेकते. यासाठी तुकड्याच्या कडेला दोनचार ठिकाणी काही मिलिमीटरचे दुवे न कापता ठेवतात आणि मागाहून ते पटाशीने तोडतात. लहान तुकडा हाताने दाबून धरण्याचा मोह कुणालाही होईल, आणि तो मोह कधीही पुरा करू नये. डोळ्यांवर चष्मा असावा, एमडीएफची धूळ फार बारीक असते म्हणून नाकावर मुखपट्टी असावी, यंत्र बंद करण्याची कळ हाताशी असावी, आणि यंत्र चालू ठेवून चहाला जाऊ नये. ज्यांच्या घरी मुलाने किंवा मुलीने असे यंत्र आणले आहे, त्या पालकांनी यंत्राची किंमत विचारण्याआधी पकड पाहावी. टाच कोठे आहे आणि बोल्ट कोठे आहे, एवढे पाहिले तरी त्यांना पुष्कळ समजेल.

घरी पट्टी करण्याचा तिसराही एक फायदा आहे, आणि आमच्या मते तोच मोठा आहे. जो माणूस एक पट्टी स्वतः तासतो, तिची टाच दोनदा बसवतो, एक पट्टी रेषा आडव्या घेऊन मोडून पाहतो, त्याला जोर कोठून कोठे जातो हे बोटांनी कळते. हे ज्ञान संगणकाच्या पडद्यावर मिळत नाही. पडद्यावर रेखाटलेली फळी कधी हलत नाही, फुगत नाही आणि वाकत नाही. मेजावरची फळी या तिन्ही गोष्टी करते.

आणि हे ज्ञान आपल्या गावात आहे. ते गावच्या सुताराजवळ आहे. पायाखालच्या फळीवर किती भार द्यायचा, पाचर कोणत्या बाजूने ठोकायची, कोणते लाकूड दाब सहन करील आणि कोणते चिरेल, हे त्याला ठाऊक असते. पण त्याला कुणी विद्या म्हणत नाही, म्हणून तोही म्हणत नाही. त्याची मुले दुसऱ्या उद्योगाला लागतात आणि हे ज्ञान त्याच्याबरोबर संपते. दुसरीकडे, शेजारच्याच गल्लीत एक तरुण नवे यंत्र घेऊन बसलेला असतो. त्याला आकडे येतात, रेखाटन येते, आज्ञा लिहिता येतात. फक्त लाकूड धरता येत नाही. एकाजवळ जे आहे ते दुसऱ्याला हवे आहे, आणि दोघांच्या दारांत शंभर पावलांचे अंतर आहे. यंत्र आले म्हणजे कारागीर गेला, असे आपण सहज म्हणून जातो. पण यंत्राला शून्य देणारा आणि ते शून्य सांभाळणारा माणूस लागतोच, आणि तो कारागिराच्या हाताखाली तयार झाला तर बरे.

म्हणून आमची विनंती एवढीच, की अशा यंत्राची हौस असलेल्या तरुणांनी एखाद्या रविवारी जवळच्या सुताराकडे जावे, 'काका, फळी धरायची कशी ते दाखवा,' असे म्हणावे, आणि त्यांच्यासमोर बसून पहिली पट्टी तासावी. आणि सुतारमंडळींनीही त्यांच्या यंत्राकडे एकदा येऊन पाहावे. तेथे त्यांना ओळखीचे पुष्कळ सापडेल.

 हे तुकडे आम्ही येथे मेजावर ठेवून जात आहोत. ज्यांना हातात घेऊन पाहायचे असतील त्यांनी अवश्य पाहावेत. इतके बोलून आम्ही आपली रजा घेतो.